तीन गळे, दोन तबकड्या

प्रश्न : मुलाकडे अमेरिकेत काही महिने राहून आले. त्याच्या गाडीत डॉली पार्टन, लिंडा रॉनस्टॅट आणि एमिलू हॅरिस या तिघींची ‘ट्रिओ’ नावाची सीडी सारखी लागायची. शब्द मला निम्मेच कळले, पण गाणी डोक्यातून जाईनात. मुलगा म्हणतो, तिघींनी मिळून अशा दोनच तबकड्या काढल्या. एवढ्या नावाजलेल्या बायका, एकमेकींच्या मैत्रिणी, आणि आयुष्यभरात फक्त दोन? भांडणं झाली की काय? (एक वाचक, सांगली)

उत्तर : भांडण झालं, पण ते पुढे, दुसऱ्या तबकडीच्या वेळी. पहिली तबकडी दहा वर्षं अडली ती मुख्यतः करारांपायी आणि तारखांपायी.

मुळापासून सांगतो. १९७३ साली लिंडा रॉनस्टॅट नील यंगच्या दौऱ्यात त्याच्याआधी गायची. ह्यूस्टनमध्ये मुक्काम असताना त्याच गावात ग्रॅम पार्सन्स नावाच्या गायकाचा कार्यक्रम होता. त्याच्या शेजारी उभी राहून दुसरा सूर धरणारी एक अनोळखी मुलगी होती, ती एमिलू हॅरिस. दोघी जवळजवळ एकाच वयाच्या आणि एकाच वाटेवरच्या. अशा वेळी हेवा वाटायला हवा होता. लिंडाने पुढे सांगितलंय, की हेवा करायचा की हिच्याबरोबर गायचं हे आपण तिथल्या तिथे ठरवून टाकलं. गप्पांत कळलं, की दोघींची सर्वांत आवडती गायिका एकच, नॅशव्हिलची डॉली पार्टन. त्या वर्षीच्या सप्टेंबरात पार्सन्स गेला, अवघ्या सव्विसाव्या वर्षी. एमिलू अक्षरशः उघड्यावर पडली. लिंडाने तिला लॉस एंजेलिसला बोलावून घेतलं आणि आपल्याबरोबर रंगमंचावर उभं केलं. मैत्रीचा पाया इथला आहे.

डॉली पार्टन टेनेसीच्या डोंगरातली. बारा भावंडांतली चौथी, घर म्हणजे एक खोली. आईने चिंध्या जोडून शिवलेल्या कोटावर तिने एक गाणं लिहिलं होतं. एमिलूने १९७५च्या आपल्या ‘पीसेस ऑफ द स्काय’ या तबकडीत ते गायलं. दोघींची ओळख झाली आणि एक दिवस डॉली लॉस एंजेलिसला एमिलूच्या घरी आली. एमिलूने लगेच लिंडाला फोन केला, असशील तशी निघून ये. ती आली आणि दिवाणखान्यात बसून तिघींनी जुनी गाणी म्हटली. पहिल्याच कडव्यानंतर तिघींनाही कळलं की हे काही तरी निराळंच जमलंय. १९७६मध्ये डॉलीच्या टीव्ही कार्यक्रमात त्या एकत्र गायल्या, आणि आता तबकडी काढायचीच असं ठरलं.

अडचणीला सुरुवात इथून झाली, आणि ती समजण्यासाठी १९७७ची अखेर डोळ्यांसमोर आणायला हवी. लिंडाच्या ‘सिंपल ड्रीम्स’ने फ्लीटवुड मॅकच्या ‘रूमर्स’ला विक्रीच्या पहिल्या जागेवरून खाली ओढलं होतं. डॉली ‘हिअर यू कम अगेन’ या गाण्याने ‘कंट्री’ या संगीतप्रकाराचं कुंपण ओलांडून सगळ्या अमेरिकेच्या रेडिओवर पोचली होती. एमिलूची ‘लक्झरी लायनर’ कंट्रीच्या यादीत पहिली आली होती. तिघीही एकाच वेळी शिखरावर. एरवी ही आनंदाची गोष्ट, पण एकत्र काम करायला याहून वाईट वेळ नाही.

कारण त्या काळचा करार असा असे : गायकाचा आवाज ठरावीक वर्षांसाठी एकाच कंपनीचा. दुसऱ्या कंपनीच्या तबकडीवर मागच्या रांगेत गायचं असलं तरी आपल्या कंपनीची परवानगी लागायची. डॉली आरसीएची, लिंडा असायलमची, एमिलू वॉर्नरची. असायलम आणि वॉर्नर एकाच घराण्यातल्या, त्यामुळे त्यांचं भागलं असतं. आरसीए प्रतिस्पर्धी. मग तबकडीवर शिक्का कोणाचा? एखादं गाणं सुटं काढून रेडिओकडे पाठवायचं तर त्यात पुढे गाणारी कोण? ते गाणं गाजलं आणि त्याच महिन्यात तिची स्वतःची तबकडी आलेली असली, तर कोणी कोणाच्या पोटावर पाय दिला? तिघींचे व्यवस्थापक वेगळे, वकील वेगळे आणि दौऱ्यांच्या वह्याही वेगळ्या.

तरी जानेवारी १९७८मध्ये त्या स्टुडिओत शिरल्या. निर्माता ब्रायन आहर्न, त्या वेळचा एमिलूचा नवरा. हातात जेमतेम दहा दिवस. तेवढ्यात एक आख्खी तबकडी उरकायची होती, तीही अशा तिघींनी ज्यांना एकत्र काम करायची फारशी सवय नव्हती. जे हाती आलं ते त्यांच्याच मनाला पटेना. बाहेर वर्तमानपत्रांत गाजावाजा झालेला, आणि आत तिघींनी काम थांबवायचं ठरवलं. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. तिघींची नावं नुसती छापली असती तरी लाखो प्रती खपल्या असत्या. त्यांनी खपू दिल्या नाहीत.

जी काही गाणी बरी झाली होती ती हळूहळू एकेकीच्या तबकडीत जाऊन बसली. काही एमिलूच्या ‘ब्लू केंटकी गर्ल’ आणि ‘इव्हँजेलीन’मध्ये, एक लिंडाच्या ‘गेट क्लोझर’मध्ये. मग प्रत्येकीची वाट निराळी झाली. डॉली सिनेमात गेली, ‘नाइन टू फाइव्ह’ केला, पुढे टेनेसीत ‘डॉलीवूड’ काढलं. लिंडाने ब्रॉडवेवर ‘द पायरेट्स ऑफ पेन्झन्स’मध्ये काम केलं, मग नेल्सन रिडलच्या वाद्यवृंदाबरोबर आजी-आजोबांच्या काळातली गाणी गायली. एमिलूने पार्सन्सच्या आठवणींवर बेतलेली ‘द बॅलड ऑफ सॅली रोझ’ ही तबकडी १९८५मध्ये काढली, आणि तिच्यात मागे सूर धरायला कोण आलं होतं? या दोघीच. म्हणजे संग सुटला नव्हता, फक्त कागदावर येत नव्हता.

१९८६मध्ये सगळं जुळलं. डॉलीचा आरसीएशी असलेला करार त्या वर्षी संपत होता, आणि शिखरावरची गर्दी ओसरून तिघींनाही थोडी उसंत मिळाली होती. या वेळी निर्माता होता जॉर्ज मॅसनबर्ग. तो मुळात ध्वनियंत्रांचा माणूस. आज प्रत्येक स्टुडिओत वापरलं जाणारं ‘पॅरामेट्रिक इक्वलायझर’ हे उपकरण त्याच्या कामातून आलं. संगीत-सल्लागार होता जॉन स्टार्लिंग. हा ब्लूग्रास या कंट्रीच्या शाखेतला गायक पेशाने नाक-कान-घशाचा सर्जन! तीन गायिकांच्या मध्ये बसवायला याहून योग्य माणूस शोधून सापडला नसता. दहा दिवसांची घाई गेली. महिनोन् महिने, सवडीने, थोडं थोडं काम झालं.

मार्च १९८७मध्ये ‘ट्रिओ’ बाजारात आली. कंट्रीच्या यादीत ती पाच आठवडे पहिली राहिली, आणि सर्व प्रकारांच्या एकत्र यादीत सहाव्या जागेपर्यंत चढली. तिच्यातली चार गाणी कंट्रीच्या पहिल्या दहांत आली. गटगायनाचं ग्रॅमी मिळालं. वर्षातल्या सर्वोत्तम तबकडीसाठीही नामांकन होतं, पण ते पारितोषिक यू-टूच्या ‘द जोशुआ ट्री’ने नेलं. गंमत अशी, की पार्सन्सने शेवटचा श्वास घेतला त्या गावाचं नावही जोशुआ ट्रीच.

आता तुमचं भांडण. १९९४मध्ये तिघींनी दुसरी तबकडी ध्वनिमुद्रित केली. ती बाजारात कधी आणायची आणि तिच्यासाठी कोण किती दिवस देणार, यावरून बिनसलं. लिंडा चिडली. तिने त्यातली पाच गाणी उचलली, डॉलीचा आवाज काढून टाकला आणि १९९५च्या आपल्या ‘फील्स लाइक होम’ या तबकडीत घातली. डॉलीसारखीचा आवाज पुसायचा म्हणजे राग किती असेल पाहा. मुलाखतींतून दोन्हीकडून टोमणेही गेले. पण मूळ फिती कोणी फेकल्या नव्हत्या. फेब्रुवारी १९९९मध्ये तीच गाणी, तिघींच्या आवाजांसह, ‘ट्रिओ टू’ म्हणून आली. तिच्यातल्या ‘आफ्टर द गोल्ड रश’ला ग्रॅमी मिळालं. ते गाणं नील यंगचं. ज्याच्या दौऱ्यात लिंडाला एमिलू भेटली, त्याचंच.

थोडक्यात तिघींपैकी कोणीच हा धंदा म्हणून सुरू केला नव्हता. ‘ट्रिओ’ या नावाने त्यांनी स्वतंत्र दौरासुद्धा काढला नाही. पोट त्यांचं स्वतःच्या गाण्यावर चालत होतं. त्यामुळे एकत्र येण्याला कारण लागायचं ते गाण्याचंच, आणि मोडायला मात्र शंभर कारणं हजर असायची.

प्रश्न : तिघी एकाच वेळी निरनिराळे सूर गातात आणि तरी बेसूर वाटत नाही. आपल्याकडे तर समूहगान म्हणजे सगळ्यांनी एकच चाल म्हणायची. हे कसं जमतं? आणि कोण कोणता सूर घेणार हे ठरवतं कोण? (एक संगीत शिक्षक, मिरज)

उत्तर : आपण मिरजेचे, म्हणजे तंबोऱ्यांच्या गावचे, तेव्हा काम सोपं झालं. तंबोरा मनासारखा लागला, की कोणी न छेडलेला गांधार आपोआप ऐकू येतो. तोच आपला स्वयंभू गांधार. षड्ज आणि पंचम तर तारांतच आहेत. या तीन स्वरांना तीन माणसं द्या : एकीने षड्ज धरायचा, दुसरीने गांधार, तिसरीने पंचम. कंट्री संगीतातल्या तीन आवाजांचा पाया एवढाच. पुढची कसोटी अशी, की मूळ चाल हलली की बाकीच्या दोघींनाही हलावं लागतं, आणि तेही प्रत्येक वेळी सारख्याच अंतराने नव्हे. गिटारवर स्वरगुच्छ बदलला, की वरच्या आवाजाला कधी एक पायरी चढावी लागते, कधी जागीच उभं राहावं लागतं. जागीच उभं राहणं हे जास्त अवघड.

आणि सूर बरोबर लागला म्हणजे झालं असं नाही. तिघींचा ‘आ’ एकाच आकाराचा हवा, शब्दाच्या शेवटचं व्यंजन एकाच क्षणी मिटायला हवं, श्वास एकाच ठिकाणी तुटायला हवा. सख्ख्या भावंडांना हे फारसं न शिकता येतं, कारण बोलीही एक आणि गळ्याची ठेवणही एक. त्यामुळे या परंपरेतली मोठी नावं बहुधा घरांची आहेत. १९२७च्या उन्हाळ्यात टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात कार्टर कुटुंबाचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं. त्यात पुढचा आवाज साराचा होता, आणि दुसरा सूर व गिटार मेबलची. पुढे हीच मेबल आपल्या तीन मुलींना, हेलन, जून आणि अनिताला, घेऊन गावोगाव गायली. बायकांच्या कंट्री गटगायनाची वाट खऱ्या अर्थाने या मायलेकींनी पाडली.

‘ट्रिओ’तल्या तिघींना ही रक्ताची सोय नव्हती. डॉलीचा आवाज उंच, बारीक, कापरा, डोंगरी मुरक्यांनी भरलेला. लिंडाचा भरदार, तिच्या घरी मेक्सिकन गाणी चालायची आणि मोठा आवाज लावायला ती कधी कचरली नाही. एमिलूचा आवाज धुक्यासारखा, मध्येच तुटणारा, आणि त्या तुटण्यातच गोडवा. कागदावर हे तीन आवाज एकमेकींत मिसळायचं कारण नाही. ‘वाइल्डफ्लॉवर्स’ ऐका. पुढे डॉली गाते आहे. ध्रुवपद आलं की बाकीच्या दोघी शिरतात, आणि लिंडा आपला आवाज एवढा आवरून घेते, की स्टेडियम भरून गाणारी बाई हीच का असा प्रश्न पडावा. उलट ‘टेलिंग मी लाइज’मध्ये लिंडाला रान मोकळं आहे आणि डॉली मागे राहून वरचा सूर धाग्यासारखा धरून ठेवते. ‘टु नो हिम इज टु लव्ह हिम’मध्ये पुढे एमिलू.

कोण पुढे हे गाणं ठरवायचं. ज्या गळ्यात शब्द खरे वाटतील ती पुढे. बाकीच्या दोघींनी वर कोण आणि खाली कोण हे गाऊन पाहायचं, अदलाबदल करायची आणि कान सांगेल ते ठेवायचं. आवाजांच्या मांडणीत हर्ब पेडरसन या जुन्या जाणत्या ब्लूग्रास वादकाची मदत होती. कामाच्या रीती मात्र जमीन-अस्मानाच्या. डॉली भराभर गाऊन मोकळी होणारी, लिंडा पुन्हा पुन्हा घासून-पुसून घेणारी. मधल्या मध्ये एमिलू.

आपल्याकडे हे मुळीच नाही असं मात्र म्हणू नका. गोव्याचा मांडो ऐकला असेलच. दोन आवाज साधारण तिसऱ्या स्वराचं अंतर ठेवून बरोबर चालतात आणि मागे व्हायोलिन व घुमट असतो. पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या शाळांत पोरांना स्वरलिपी आणि असं गाणं शिकवलं जाई, ती विद्या घराघरांत उतरली. वर्गातल्या मुलांना आधी मांडो ऐकवा आणि मग ‘ट्रिओ’. ओळख लवकर पटेल.

प्रश्न : ही गाणी लोकगीतं की कोणी रचलेली?

उत्तर : दोन्ही, आणि निवड फार चोखंदळ. ‘रोझवूड कॅस्केट’ हे पारंपरिक. ते डॉलीच्या आईकडून आलं आणि तबकडीवर तिच्या आईचं नाव आहे. ‘माय डिअर कम्पॅनियन’ केंटकीच्या जीन रिचीचं, जी चौदा भावंडांत धाकटी आणि डोंगरातल्या गाण्यांची चालती-बोलती पोथी होती. ‘होबोज मेडिटेशन’ जिमी रॉजर्सचं, म्हणजे कंट्रीच्या अगदी आरंभकाळातलं. त्याच पंगतीत फिल स्पेक्टरचं १९५८चं ‘टु नो हिम इज टु लव्ह हिम’ हे पोरसवदा प्रेमगीत बसलंय, आणि इंग्लंडच्या लिंडा थॉम्प्सनचं ‘टेलिंग मी लाइज’सुद्धा. काही खुद्द डॉलीची.

एकसंधपणा येतो तो वाद्यांमुळे. मँडोलिन, फिडल, साधी गिटार, ऑटोहार्प. १९८७ साल म्हणजे नॅशव्हिलमध्ये सिंथेसायझरची चलती. त्या गदारोळात ही तबकडी लाकडी वाद्यांवर उभी राहिली आणि खपली. जुन्या चालीच्या कंट्रीला बाजार आहे हे तेव्हाच्या कंपन्यांना पटवायला तिचा हातभार लागला. दुसऱ्या तबकडीत एक वेगळंच वाद्य आहे. ‘आफ्टर द गोल्ड रश’मध्ये काचेच्या फिरत्या वाट्यांवर ओली बोटं टेकवून वाजवायचा ग्लास हार्मोनिका. बेंजामिन फ्रँकलिनने अठराव्या शतकात बनवलेलं वाद्य ते.

प्रश्न : ‘मिस्टर सँडमन’ हे गाणं एका ठिकाणी तिघींच्या नावावर आहे आणि दुसरीकडे फक्त एमिलूच्या. कान तर सांगतो की दोन्हीकडे तीन आवाज आहेत. खरं काय?

उत्तर : कान पक्का आहे आपला. हे १९७८च्या त्या फसलेल्या दहा दिवसांतलं गाणं. १९८१मध्ये ते एमिलूच्या ‘इव्हँजेलीन’मध्ये तिघींच्या आवाजात आलं. रेडिओसाठी सुटं काढायची वेळ आली तेव्हा इतर दोघींच्या कंपन्यांनी नकार दिला. मग एमिलूने काय करावं? तिन्ही सूर एकटीने पुन्हा गायले आणि एकावर एक चढवले. ते सुटं गाणं कंट्रीच्या पहिल्या दहांत गेलं! करारांचा जाच किती हे पहिल्या उत्तरात लांबलचक सांगितलं. खरं तर हा एक किस्सा पुरला असता. दोन्ही मुद्रणं मिळाली तर लागोपाठ ऐका. एकटीचं जास्त नेटकं आहे, तिघींचं जास्त मजेदार.

प्रश्न : आता तिघी पुन्हा गातील का? नाही तर नव्याने ऐकणाऱ्याने कुठून सुरुवात करावी?

उत्तर : गाणार नाहीत. लिंडाने २००९मध्ये शेवटची मैफल केली. २०१३मध्ये आपल्याला पार्किन्सन्स असल्याचं आणि आता गाता येत नसल्याचं तिने जाहीर केलं. पुढे निदान बदललं, मेंदूच्या त्याच जातीच्या पण वेगळ्या विकाराचं निघालं. २०१४मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये तिचा समावेश झाला तेव्हा ती जाऊ शकली नाही. तिची गाणी गायला जे उभे राहिले त्यांत एमिलू होती. डॉली आणि एमिलू अजून गातात.

ऐकायचं तर २०१६मध्ये निघालेला ‘द कम्प्लीट ट्रिओ कलेक्शन’ हा तीन तबकड्यांचा संच घ्या. पहिल्या दोन म्हणजे मूळच्या दोन. तिसरीत आधी न आलेली गाणी आणि आलेल्या गाण्यांची वेगळी मुद्रणं आहेत. सुरुवात ‘वाइल्डफ्लॉवर्स’ने करा, मग ‘टेलिंग मी लाइज’, मग ‘माय डिअर कम्पॅनियन’. तिघींचे गळे वेगवेगळे ओळखू येऊ लागतील. ‘फार्दर अलाँग’ हे भजन त्यानंतर ऐका. त्यात कोण कधी पुढे येते आणि कधी मागे सरते हे पेन्सिलीने कागदावर टिपत गेलात, तर वर मिरजेच्या शिक्षकांना दिलेलं अर्धं उत्तर तुमचं तुम्हालाच मिळेल. ‘ट्रिओ टू’ घाईने ऐकू नका. पहिलीइतकी ती एकजीव नाही, पण ‘हाय सिएरा’साठी मी ती कपाटात पुढच्या रांगेत ठेवलीय.